लिफ्टला लायसन, पाळण्याला काय?

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर राहू दे, पण मुलाबाळांना घेऊन मेळ्यात जाण्याआधी एकदा वाचा.

परवाच्या शनिवारी आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मे महिन्यातलं लग्न, त्यामुळे अल्बममधल्या प्रत्येक फोटोत मी घामाने निथळतोय. मुलगा पुण्याला असतो. त्याने सकाळी फोनवरून ‘बाहेर जेवा’ म्हणून पैसे पाठवले. मी हॉटेलांची नावं काढायला लागलो तर बायको म्हणाली, "अहो, हॉटेलात जाऊन काय, बाजूच्या टेबलावरच्या लोकांची भांडणं ऐकायची? मैदानावर मेळा लागलाय, तिकडे जाऊ. मला आकाशपाळण्यात बसायचंय."

तर गेलो. कुठल्या मैदानावर ते मुद्दाम लिहीत नाही. डोंबिवली, कल्याण, ठाणे, कुठलंही समजा. मे महिन्यात या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर हेच चित्र असतं, आणि माझं भांडण एका मेळेवाल्याशी नाही.

पाच वाजता पोचलो. प्रवेश माणशी तीस रुपये. कमानीवर हात जोडलेले नऊ चेहरे, त्यातल्या दोघांचे वाढदिवस. आत गेलं की आधी प्लास्टिकच्या बादल्या आणि ‘कोणतीही वस्तू पन्नास’, मग बचतगटांच्या बायकांचे स्टॉल. बायकोने मालवणी मसाला घेतला, कोकम आगळ घेतलं, गादीच्या खोळी हाताळून परत ठेवल्या. मी रिंगा टाकल्या. साबणाची वडीसुद्धा मिळाली नाही. खिचिया पापड खाल्ला, एक बर्फाचा गोळा दोघांत, काला खट्टा. तिची जीभ काळी झाली ती मला दाखवत होती. पन्नाशी उलटलेली बाई, मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. एकूण काय, मजा येत होती. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणेलच की याला मेळ्याचंच वावडं आहे.

मेळ्याचं वावडं मला अजिबात नाही. आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही पूर्वेला चाळीत राहायचो. दीड खोली, आईवडील, धाकटा भाऊ आणि आम्ही दोघं. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको की नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर जागा कुठे असते. ठाण्याला कोणाकडे गेलो की तलावपाळीवर तास काढायचा, नाहीतर फलाट क्रमांक पाचच्या टोकाचा बाकडा. त्या वर्षीच्या मेळ्यात आम्ही आकाशपाळण्यात लागोपाठ तीनदा बसलो होतो. पाळण्याची हौस म्हणून नव्हे. त्या पत्र्याच्या डब्यात पाच मिनिटं फक्त आम्ही दोघंच होतो म्हणून. परवा रांगेत आमच्या पुढे एक जोडपं होतं. मुलीच्या हातात हिरवा चुडा, मुलगा भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला आहे असं त्यांच्या बोलण्यावरून कळलं. त्यांच्याकडे बघून बायकोने मला कोपराने ढोसलं. मला कळलं ती काय म्हणतेय ते.

आता मुद्द्यावर येतो.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. फिटर म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. त्यामुळे कुठलंही फिरतं यंत्र दिसलं की माझी नजर आधी नटबोल्टवर जाते, हा आजार आहे. रांग वीस मिनिटांची होती, आणि वीस मिनिटं मी तो पाळणा बघत होतो. उंची अंदाजे साठ-सत्तर फूट. चारही पाय मैदानातल्या मातीवर, खाली लाकडाचे ठोकळे पॅकिंग म्हणून सारलेले. एका पायाखालची माती खचली होती, तिथे ठोकळ्यावर आणखी एक फळी होती. आडव्या कांबीवर वेल्डिंगचे टाके, काही जुने, काही चकचकीत नवे. हे सगळं मी बघून सोडून दिलं असतं. पण जो डबा खाली येऊन थांबायचा त्याच्या टांगत्या खिळीला स्प्लिट पिनच्या जागी बाइंडिंग वायर पिळून लावली होती. सगळ्या डब्यांना नाही, निदान दोन डब्यांना मी ती पाहिली.

ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डबा ज्या खिळीवर झुलतो ती खिळी सरकून बाहेर येऊ नये म्हणून टोकाला भोक पाडून त्यात पिन घालतात आणि तिची टोकं फाकवतात. पिनेची किंमत पाच-दहा रुपये. बाइंडिंग वायर म्हणजे स्लॅबच्या सळया बांधायची मऊ तार. ती हलत्या सांध्याला लावायची नसते. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं.

आणि मी काय केलं? बसलो.

याचीच मला चार दिवस झोप येत नाहीये. तिकिटं काढली होती, ऐंशी ऐंशीची. बायको खुशीत होती. मागे रांग होती. आपण काही बोललो तर पोरगा म्हणणार ‘अंकल डर गये’, लोक हसणार, आणि वाढदिवसाची संध्याकाळ वाया जाणार. अठ्ठावीस वर्षं मी कामगारांना सांगत आलो की शंका आली की मशीन बंद, मग भले फोरमन ओरडू दे. आणि स्वतःची बायको घेऊन मी त्या तारेखाली जाऊन बसलो. वार लावलेला डबा आमच्या वाट्याला आला नाही एवढं बघून घेतलं, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला गेला.

बसण्याआधी पाळणा चालवणाऱ्या मुलाला मी विचारलं होतं, वारा सुटला तर काय करता? "हवा चली तो बंद कर देते हैं, अंकल." किती वाऱ्याला बंद करता? "पता चल जाता है."

वारा सहा-पस्तीसच्या सुमाराला सुटला. मे अखेरचा तो वळिवाआधीचा वारा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आधी एकदम सगळं थांबतं, मग मलंगगडाच्या बाजूने आकाश मातकट होतं आणि धूळ येते. आम्ही वरच्या बाजूला होतो. मंडपांचे पडदे फडफडायला लागले, खाली लोक पळायला लागले आणि लाइट गेली. पाळणा थांबला. जनरेटर सुरू होईना. आम्ही वर, आणि डबा होडीसारखा हलतोय. दाराला कडी म्हणजे एक साखळी आणि हूक. समोरच्या डब्यात ते हिरव्या चुड्याचं जोडपं, मुलीने डोळे मिटून घेतले होते. माझी बायको शांत. पाचएक मिनिटांनी म्हणाली, "अहो, गॅस बंद केला होता ना?" अकरा मिनिटं आम्ही वर होतो, घड्याळात बघत होतो मी. शेवटी पोरांनी हाताने चाक ओढून एकेक डबा खाली आणला. एक पोरगा तर सरळ कांबीवरून चढून वर आला होता, पायात स्लीपर, कमरेला दोर नाही. वय असेल सतरा-अठरा. त्याचा विचार कोण करणार? त्याचं तर तिकीटही नाही.

कोणाला काही झालं नाही. खरचटलंसुद्धा नाही. म्हणूनच ही पोस्ट लिहितोय. झालं असतं तर लिहायला दुसरे बरेच लोक होते.

वर अडकलो होतो तेव्हा एक गोष्ट दिसली जी खालून दिसत नाही. मोठमोठ्या होर्डिंगची मागची बाजू. पुढून चकचकीत फ्लॅट आणि शाळांच्या जाहिराती, मागून गंजलेले अँगल. ते बघून मला काय आठवलं ते आपल्या भागातल्या कोणालाही आठवेल. १३ मे २०२४, अशीच संध्याकाळ, असाच धुळीचा वारा, घाटकोपरचा पेट्रोल पंप. १७ माणसं गेली. परवानगी देताना मोठ्यात मोठा फलक ४० बाय ४० फुटांचा, आणि तो होता १२० बाय १२० चा. नंतर व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं की पाया इतका कच्चा होता की ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापलीकडे तो टिकणारच नव्हता. टिकायला हवा होता १५८ ला. त्या दिवशी वारा होता सुमारे ८७. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला कल्याणला सहजानंद चौकातलं होर्डिंग खाली आलं. आपलं नशीब म्हणून तिथे माणसं जखमी होण्यावर भागलं.

घाटकोपरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र लोक विसरले. त्या होर्डिंगला प्रमाणपत्र होतं! स्थैर्याचा दाखला देणारा अभियंता होता, त्याला नंतर अटक झाली. कागद नव्हता म्हणून ती माणसं मेली नाहीत. कागद होता, पण फायलीत. खाली पेट्रोल भरायला थांबलेल्या रिक्षावाल्याला तो दाखवायची कोणालाच गरज वाटली नव्हती.

खाली उतरल्यावर मी मेळ्याच्या ऑफिसात गेलो. बायको म्हणत होती, "जाऊ द्या, आजच्या दिवशी नको." मी म्हटलं, तू पाणी पी, मी आलोच. तंबूत एक गृहस्थ बसले होते. सभ्य माणूस, मला खुर्ची दिली. मी विचारलं, पाळण्याचा फिटनेसचा दाखला बघायला मिळेल का? "सगळ्या परमिशन आहेत साहेब." मी म्हटलं, असतीलच, बघू द्या ना. त्यांनी एक प्लास्टिकची फाइल काढली, वरचा कागद दाखवला. मैदानाच्या भाड्याची पावती. पुढचे कागद उलटू लागलो तर फाइल मिटली. "तुम्ही पेपरवाले का?" नाही. "मग तुम्हाला कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही. आता देतो. मला अशासाठी की मी त्यात बसलो होतो.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर हे सगळं टाकलं. अपेक्षेप्रमाणे उत्तरं आली. एक म्हणाले, तुम्हाला प्रत्येक ठिकाणी खोट काढायची सवय आहे. दुसरे म्हणाले, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. तिसऱ्यांनी अंगठा दाखवला, म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. आणि एकांनी लिहिलं, ‘आपल्या लहानपणीही असेच पाळणे होते, काय झालं आपल्याला?’

या शेवटच्या गृहस्थांना एक आठवण करून देतो. हेच गृहस्थ मागच्या सर्वसाधारण सभेत आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टवरून सेक्रेटरीला पाऊण तास झापत होते. लिफ्टचं लायसन कुठे लावलंय, इन्स्पेक्शन कधी झालं, देखभालीचा करार कोणाशी आहे, सगळं विचारलं. बरोबरच विचारलं. या राज्यात लिफ्टला कायदा आहे, १९३९ पासून आहे, २०१७ मध्ये नवा केला आणि त्यात सरकते जिनेही घातले. सात मजले, चार बाजूंनी भिंतीचा डक्ट, खाली बफर, वर गव्हर्नर, दोर तुटला तर आपोआप पकडणारे जबडे, आणि तरीही आपण तिचं लायसन मागतो. आणि जो पाळणा परवाच्या दिवशी ट्रकमधून उतरला, दोन रात्रीत उभा राहिला, लाकडाच्या ठोकळ्यांवर तोललाय आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी जाणार आहे, त्यात आपण पोरं बसवतो आणि खालून व्हिडिओ काढतो. स्टेशनबाहेरच्या रिक्षालासुद्धा परमिट लागतं, फिटनेस लागतं, ड्रायव्हरला बॅच लागतो. पाळण्याच्या तिकीट खिडकीवर काय लावलं होतं सांगू? ‘स्वतःच्या जबाबदारीवर बसावे. मालक जबाबदार नाही.’

जबाबदारी माझी, तर तपासायचा हक्कही माझा नको का? ती फाइल मग मला का मिटून दाखवली?

नियम मुळीच नाहीत असं नाही, हे मी शोधून वाचलंय. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचे आणि त्याबाबत नियम करण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ ने पोलीस आयुक्तांना दिलेत. आगीसाठी २००६ चा राज्याचा कायदा आहे. तात्पुरत्या मंडपांना आगीपासून कसं वाचवायचं याचं भारतीय मानक, आयएस ८७५८, कधीचंच छापून पडलंय. मैदान एकाचं, पोलिसांचा परवाना दुसऱ्याचा, आगीचा दाखला तिसऱ्याचा, विजेचा चौथ्याचा. प्रत्येकाने आपापल्या कागदावर सही केली की झालं. आता या चौघांपैकी त्या खिळीकडे कोणी मान वर करून बघितलं, हे मला सांगा. मी एवढंच विचारतोय.

‘काय झालं आपल्याला?’ आपल्याला नाही झालं, इतरांना झालं. १४ जुलै २०१९, रविवार, अहमदाबादचं कांकरिया. पेंड्युलमसारखा झुलणारा पाळणा मधल्या दांड्यातून तुटून खाली आला. दोघं गेले, तीसएक जखमी. आणि तो दोन रात्रीत उभारलेला जत्रेतला पाळणा नव्हता, शहरातल्या मोठ्या तलावाकाठचा कायमचा पार्क होता. ४ सप्टेंबर २०२२, पुन्हा रविवार, पंजाबात मोहालीचं दसरा मैदान. वर गेलेला गोल झोपाळा सरळ खाली आदळला. लोक खुर्च्यांवरून हवेत उडताना त्या व्हिडिओत दिसतात, तुम्हीही तो पाहिला असेल आणि पुढे पाठवला असेल. मग २५ मे २०२४, शनिवार, राजकोट. सुट्टी, पोरांची गर्दी, तिकिटावर सवलत लावलेली. पत्र्याच्या शेडमधल्या गेमझोनला आग लागली. २७ जण गेले, त्यात लहान मुलं होती. अग्निशमनचा दाखलाच नव्हता हे नंतर उघड झालं. त्याच्या दोनच दिवस आधी आपल्याकडे एमआयडीसीत स्फोट झाला होता आणि आपण काचा गोळा करत होतो, म्हणून राजकोटची बातमी डोंबिवलीत नीट वाचलीही गेली नाही. २०१६ चा स्फोटही मे महिन्यातलाच. मे महिना आणि आपलं काय वाकडं आहे कोण जाणे.

तारखा नीट बघा. शनिवार, रविवार, सुट्टी. म्हणजे जेव्हा माणसं सर्वांत जास्त आणि बघणारं कोणी नाही.

आणि झाल्यावर काय होतं? मालक, मॅनेजर आणि पाळणा चालवणारं ते पोरगं आत जातं. सहीवाले बहुतेक वेळा बाहेरच राहतात. दिल्लीच्या उपहार सिनेमाचं प्रकरण आठवतं? १३ जून १९९७, ५९ माणसं धुरात गुदमरून मेली. भरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०११ च्या निकालात थिएटरचा मालक आणि वीज मंडळ यांच्यावर जबाबदारी आली. परवाना देणारे पोलीस आणि महापालिका मात्र भरपाईतून सुटले. वाईट हेतू सिद्ध होत नाही तोवर नुसत्या ढिलाईसाठी अशा यंत्रणांकडून भरपाई वसूल करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. न्यायालयाच्या कायदेशीर तर्काशी वाद घालायची माझी लायकी नाही. पण तिकीट काढणाऱ्या माणसाने यातून काय समजायचं? की सही करणाऱ्याचं नंतर काही जाणार नाही. म्हणजे त्याला काय लाज वाटायची ती आधीच वाटली पाहिजे, आणि त्यासाठी त्याचं नाव सगळ्यांना दिसलं पाहिजे.

म्हणून माझं मागणं एकच आहे आणि ते अगदी स्वस्तातलं आहे. प्रत्येक पाळण्याच्या तिकीट खिडकीवर, दरपत्रकाच्या शेजारी, एक पाटी. हा पाळणा या मैदानावर उभारल्यानंतर कोणी तपासला, त्याचं नाव, हुद्दा, तारीख, एका वेळी किती माणसं आणि किती वाऱ्याला बंद. ‘उभारल्यानंतर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मागच्या गावी दिलेला दाखला इथे चालणार नाही, कारण तिथली माती वेगळी, ठोकळे वेगळे आणि पिना घालणारी पोरंही वेगळी. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आता दोनअडीच हजारात मिळतं. पाळण्याच्या एका शनिवारच्या गल्ल्यातून अशी दहा येतील.

आता ‘गरिबाच्या पोटावर पाय’. हा आरोप मी मनावर घेतलाय, कारण तो खोटा नाही. अपघात झाला की सरकार काय करतं ते आपण पाहिलंय. महिनाभर सरसकट बंदी. त्यात ज्याने नीट पिना लावल्या तोही मरतो आणि ज्याने तार लावली तोही. महिन्याने सगळं पुन्हा सुरू, तारेसकट. राजकोटनंतर गुजरातने पाळण्यांसाठी आणि गेमझोनसाठी वेगळे नियम केले, ते चांगलंच झालं. पण त्यातून राजकोटच्याच जन्माष्टमीच्या लोकमेळ्यात पाळणेवाले आणि प्रशासन यांची जुंपली. वाद काय, तर पाळण्याखाली काँक्रीटचा पाया हवा. पाळणेवाले म्हणाले, पाच दिवसांच्या मेळ्यासाठी काँक्रीट ओतून परत फोडायचं, हे आम्हाला परवडणार कसं? अहो, बरोबर आहे त्यांचं! मी मेंटेनन्सवाला असूनही सांगतो, बरोबर आहे. पाच दिवसांच्या धंद्याला कोणी पाया घालत नाही.

पण मग पाया मैदानाच्या मालकाने घालावा ना. दर वर्षी त्याच मैदानावर मेळा लागतो, दर वर्षी भाडं येतं. ठाण्यात एक, कल्याणला एक, डोंबिवलीत एक, अशा मेळ्याच्या जागा ठरवा. तिथे जमिनीलगत चार-सहा पक्के काँक्रीटचे चौथरे, त्यात बोल्ट, विजेचा नीट पॉइंट, पाण्याची लाइन, आगीचा बंब आत येईल एवढी वाट. पाळणेवाला आला की ठोकळे न शोधता बोल्टवर पाय कसायचे. त्याचंही काम सोपं. आणि पोरांच्या खेळाच्या मैदानाची दर उन्हाळ्यात होणारी चाळण तरी थांबेल. हे कोणाच्या लक्षात येतं की नाही माहीत नाही, पण शाळेला सुट्टी लागते त्याच महिन्यात मैदानाला मंडप लागतो. पोरं क्रिकेट खेळतात पार्किंगमध्ये. जूनमध्ये मैदान परत मिळतं तेव्हा त्यात खड्डे आणि खिळे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराला गेल्या वर्षी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं ते यामुळेच.

कोणी म्हणेल, एवढं आहे तर मेळ्यात जाऊच नका, मॉलमध्ये जा. आम्ही दोघांनी परवा सगळं मिळून सहाशे-साडेसहाशे खर्च केले, मसाला आणि आगळ धरून. मॉलमधल्या सिनेमाची दोन तिकिटं आणि एक पॉपकॉर्न घेतलं की तेवढे जातात आणि हातात मसालाही राहत नाही. मला परवडेल एक वेळ. त्या हिरव्या चुड्याच्या मुलीला परवडणार नाही, आणि तिच्या नवऱ्याला शनिवारची अर्धी सुट्टी पुन्हा कधी मिळेल ते त्यालाच माहीत. मॉलमध्ये जाणाऱ्याला चालेल, पण मेळ्यात जाणाऱ्याने तारेवर भरवसा ठेवून बसावं, याला काय म्हणायचं? खाली उतरल्यावर ती मुलगी रडत होती आणि तो तिला पाण्याची बाटली देत ‘अगं काही नाही, काही नाही’ म्हणत होता. त्याच्या जागी मी सत्तावीस वर्षांपूर्वी होतो. फरक इतकाच की तेव्हा मला खिळी आणि तार यातलं काही कळत नव्हतं. परवा कळत होतं, आणि मी रांगेत त्यांच्या मागे गप्प उभा होतो.

सोमवारी दोन कार्यालयांत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलेत, दहा-दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्या मेळ्यातल्या प्रत्येक पाळण्याच्या तपासणीचा अहवाल, तपासणाऱ्याचं नाव, तारीख, आणि पाळणा उभारल्यावर तपासला की आधी, एवढंच मागितलंय. तीस दिवसांची मुदत आहे. मेळा त्याआधीच उठेल हे मला माहीत आहे. मंगळवारी पुन्हा जाऊन पाळणेवाल्या पोराला स्प्लिट पिनांचं एक पाकीट देऊन आलो, आणि एक पिन बसवून दाखवली. त्याने मुकाट्याने दुसऱ्या डब्याची तार माझ्यासमोर काढली. "मालिक को बोला था, अंकल," म्हणाला. बाकीच्या डब्यांचं त्याने पुढे काय केलं ते बघायला थांबलो नाही, मागून कोणीतरी हाका मारत होतं.

बायको म्हणते, पुढच्या वर्षीही जायचं. उत्तर आलं की इथेच टाकतो. तोवर तुमच्या भागातल्या मेळ्यात गेलात तर तिकीट खिडकीवर एवढंच विचारा, हा कोणी तपासला? काय उत्तर मिळतं ते खाली लिहा. मैदानाचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.